पावडर दाबायला घेण्याआधी
आधी प्रेसवर हात बसव, शॉकचं, म्हणजे धक्का-लहरीने पावडर क्षणात दाबण्याचं, नंतर बघू. अ‍ॅल्युमिनाची (आपली पावडर, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) पूर्ण घनता, म्हणजे आत पोकळी नसतानाची, साधारण 3.98 ग्रॅम प्रति घनसेंमी. पेलेट, म्हणजे दाबून झालेली वडी, तिच्या किती टक्के भरली, हे प्रत्येक दाबाला लिहून ठेव. सुरुवातीला कण नुसते सरकून जागा धरतात. पुढे ते तुटल्याशिवाय पोकळी बुजत नाही. वरूनच दाबत असशील तर पेलेट उंच घेऊ नकोस. डायच्या, म्हणजे पावडर भरतो त्या साच्याच्या, भिंतीचं घर्षण दाब खातं आणि खालचं टोक भुसभुशीत राहतं. नखाने खरवडून बघ, कळेल.

आणि हा दाब-घनतेचा आलेख तसाच्या तसा शॉकला लावू नकोस, अगदी कळकळीने सांगतो. तिथे सगळं मायक्रोसेकंदांत उरकतं, पोकळ्या मिटताना कणांच्या कडा तापतात. तेवढ्याच दाबाला सैल पावडर जास्त तापते, म्हणून भरतानाची घनता नोंदवल्याशिवाय शॉट, म्हणजे शॉकचा प्रयोग, घेऊ नकोस.