चरबीचे पचन रोखणारी वनस्पतिद्रव्ये : परीक्षानळी आणि पोट यांतील अंतर

प्रश्न : वनस्पतींतील काही द्रव्ये अन्नातील चरबी पचूच देत नाहीत आणि त्यामुळे वजन उतरते, असे वाचनात आले. हे खरे आहे का? मी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घ्याव्यात असे मनात आहे. त्या वनस्पतिजन्य असल्याने निर्धोक असतील ना? मला थायरॉइडची गोळी रोज सुरू आहे.

उत्तर : आपण वाचलेल्या माहितीचा पाया खरा आहे. अन्नातील चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात असते आणि ती जशीच्या तशी आतड्यातून शोषली जात नाही. पित्तरस तिचे बारीक थेंब करतो आणि मग स्वादुपिंडातून येणारे लायपेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्या थेंबांच्या पृष्ठभागावर बसून तिचे तुकडे करते. या लायपेजला अडवले, तर न पचलेली चरबी शौचावाटे बाहेर पडते.

याच तत्त्वावरचे ऑर्लिस्टॅट हे औषध अमेरिकेत १९९९ पासून वापरात आहे. त्याचे मूळ मात्र वनस्पतीत नसून एका जिवाणूपासून मिळालेल्या लिपस्टॅटिन या द्रव्यात आहे. पूर्ण मात्रेत ते आहारातील सुमारे ३० टक्के चरबीचे शोषण रोखते. दिवसाला ६० ग्रॅम चरबी खाणाऱ्याची त्यामुळे १८ ग्रॅम चरबी, म्हणजे साधारण १६० कॅलरी वाचतात. आहारनियंत्रणाच्या जोडीने हे औषध वर्षभर घेतलेल्यांचे वजन, केवळ आहार सांभाळणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी सुमारे तीन किलोच अधिक घटलेले दिसते. तेलकट शौच, अचानक लागणारी घाई आणि अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांचे घटलेले शोषण हे सगळे त्यासोबत येते. लायपेजला जोरकसपणे अडवूनही पदरात एवढेच पडते, हे वनस्पतिद्रव्यांकडून अपेक्षा ठेवताना विसरू नये.

आता वनस्पतींकडे वळू. चहातील कॅटेचिन, द्राक्षाच्या बियांतील टॅनिनवर्गीय द्रव्ये, अनेक वनस्पतींतील सॅपोनिन अशी बरीच द्रव्ये प्रयोगशाळेत लायपेजला रोखतात. त्यासाठीची एक नेहमीची चाचणी फार सोपी असते : लायपेजने तोडताच पिवळा रंग सोडणारे एक कृत्रिम द्रव्य परीक्षानळीत घालतात आणि वनस्पतीचा अर्क मिसळल्यावर पिवळेपणा किती कमी झाला ते मोजतात. हा निष्कर्ष चुकीचा नसतो, पण त्या नळीत ना जेवण असते, ना पित्त, ना चरबीचा खराखुरा थेंब. शिवाय टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटते. कडक चहाचा घोट घेतल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, ती टॅनिनने लाळेतील प्रथिने धरून ठेवल्यामुळे. मग जेवणातील प्रथिनांच्या गर्दीत ते नेमके लायपेजलाच गाठेल, ही आशा मला फार दुबळी वाटते. वनस्पतींतून नवे औषध मिळणारच नाही, असे मी म्हणणार नाही, उलट या संशोधनाबद्दल मला मनापासून आस्था आहे. परंतु एखादे द्रव्य खाल्ल्यावर माणसाच्या शौचातील चरबी खरोखर वाढते का, हे मोजल्याखेरीज त्याला ‘चरबीरोधक’ म्हणून विकणे मला गैर वाटते.

‘वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक’ हे समीकरण तर मुळीच मानू नये. कपातला ग्रीन टी आणि त्याचा आटवलेला अर्क यांत मात्रेचा मोठा फरक असतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, पूरकांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी, म्हणजे चहातील प्रमुख कॅटेचिन, घेतल्यास यकृताला इजा झाल्याची खूण मानली जाणारी रक्तातील विकरे वाढू शकतात. काही जणांच्या यकृताला अशा अर्कांमुळे गंभीर इजाही झालेली आहे.

म्हणून या कॅप्सूल आपण स्वतःहून सुरू करू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. थायरॉइडच्या गोळीचे प्रमाण नीट बसले आहे का, हे आधी रक्त तपासून पाहावे, कारण ते कमी पडत असेल तर त्यानेही वजन वाढते. डॉक्टरांनी पुढे ऑर्लिस्टॅट सुचवलेच, तर ते आणि थायरॉइडची गोळी यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील आणि लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्या तत्काळ थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी.