चिडका म्हणण्याआधी त्याचं नाक बघा

"ताई, मुलगा दहावीत आहे. सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू, मग दिवसभर नाक चोंदलेलं. वर्षभरात फार चिडचिडा झालाय, कुणात मिसळत नाही, क्लासमध्ये पेंगतो. सासूबाई म्हणतात पोरगं मुळातच आळशी आणि घुमं, हे म्हणतात मोबाइल. डॉक्टरांनी रात्रीची माँटेल्युकास्टवाली गोळी दिलीय, तेव्हापासून शिंका कमी झाल्या पण चिडचिड आणखी वाढली, रात्री दचकून उठतो. त्याचा स्वभावच असा आहे का?" – एक आई, पुणे

अहो, आधी त्या गोळीचं बोलू, बाकीचं नंतर. अ‍ॅलर्जी आणि दम्यावरची ही गोळी आपल्याकडे सर्रास देतात आणि बऱ्याच जणांना काही होत नाही, पण काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचारसुद्धा येतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मार्च २०२० मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आणि नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीला आधी दुसरी औषधं बघा असं सांगितलं. तुमच्या मुलाला त्यानेच होतंय असं मी इथून नाही सांगू शकत, पण गोळी सुरू झाल्यावर वाढलंय म्हणताय तर आजच डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगा. दमा असेल तर मनाने बंद करू नका. आणि जगून काय करू असं काही बोलला तर थांबू नका, एकटं सोडू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आता स्वभावाचं. गोळीच्या आधीपासून चिडचिड होती ना, मग त्याची झोप बघा. नाक बंद असलं की पोर रात्रभर तोंडाने श्वास घेतं, झोप सारखी मोडते, आठ तास अंथरुणात असूनही सकाळी दमलेलंच उठतं आणि आपण म्हणतो आळशी! डोळ्यांखाली काळं दिसतंय का, तळहाताने नाक वर घासून घासून नाकावर आडवी रेघ पडलीय का बघा. ब्रिटनमध्ये १५ ते १७ वयाच्या मुलांचा अभ्यास २००७ साली आला होता, त्यात परागकणांच्या अ‍ॅलर्जीने बेजार मुलांची ग्रेड सरावापेक्षा मुख्य परीक्षेत घसरण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्यांचं तर त्याहून जास्त. आणि घुमा म्हणाल तर, चारचौघांत सारखा रुमाल काढावा लागतो, कुणीतरी शेंबड्या म्हणून चिडवतं, मग या वयात पोरगा मागच्या बाकावर गप्प बसणारच की. सातवीत तो कसा होता ते आठवा, तेव्हा हसता-बोलता असेल तर एका वर्षात स्वभाव बदलला असं मला तरी पटत नाही.

डॉक्टरांना नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेबद्दल विचारा. नाव ऐकून घाबरू नका, औषध नाकातच काम करतं, शरीरात फार थोडं जातं. फक्त ते रोज मारावं लागतं, पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागू शकतात आणि बरेच जण चार दिवसांत सोडून देतात. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, आणि मारल्यावर जोरात ओढायचं नाही. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांच्या वर नकोत, नंतर तेच नाक आणखी चोंदवतात. चादर-अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, त्याच्या खोलीत उदबत्ती नको.

सासूबाईंना आणि मुलाच्या बाबांना एवढंच सांगा की त्याच्यासमोर आळशी, घुमा हे शब्द आजपासून बंद. आणि त्याला एकट्याला विचारा, झोप कशी लागते, शाळेत कोण काय बोलतं, मधे सल्ला न देता ऐका. नाक मोकळं होऊन, झोप लागायला लागून महिना झाला आणि तरीही तो असाच तुटक राहिला, तर मग नाकावर ढकलू नका, समुपदेशकाकडे घेऊन जा.