किराणा महागला की माणसं नेमकं काय करतात? सांगलीतल्या एका दुकानदाराचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे की रोजच्या वस्तू महागल्या की सामान्य माणूस खरंच खरेदी कमी करतो की नुसता बोंबलतो, आणि टीव्हीवर महागाई कमी झाली म्हणतात तेव्हा आपलं बिल का कमी होत नाही. मी सांगलीत किराणा दुकान चालवतो, गणपती पेठेतनं माल भरायचा आणि गल्लीत विकायचा हा घरचाच धंदा, त्यामुळं अर्थशास्त्र वगैरे बाजूला ठेवून काउंटरच्या या बाजूनं काय दिसतं तेवढंच सांगतो.

जो बोंबलतो तो तेवढंच सामान नेतो. सरकारला दोन शिव्या, व्यापाऱ्याला दोन शिव्या, आणि यादीतलं सगळं पिशवीत. खरी काटकसर करणारं गिऱ्हाईक भाव ऐकून गप्प बसतं आणि पुढच्या खेपेला किलोवरनं रुपयावर येतं. म्हणजे ज्या काकू "अण्णा, एक किलो शेंगदाणे" म्हणायच्या त्या "शंभरचे शेंगदाणे द्या" म्हणायला लागतात. मग भाव एकशे वीस असो की एकशे साठ, शंभरची नोट ठरलेली, कमी-जास्त व्हायचं ते वजनानं व्हायचं. चहापावडर वीसची, तेल पन्नासचं, जिरं दहाचं. मला विचाराल तर महागाई आलीय हे मला पेपर वाचून कळत नाही, लोक किलो म्हणायचं बंद करतात तेव्हा कळतं.

आणि हे कंपन्यांना आपल्याआधी कळलेलं आहे बरं का. बिस्किटाचा पाच रुपयाचा पुडा वर्षानुवर्षं पाचलाच, पण आतलं वजन बघा कसं उतरत गेलं ते. गिऱ्हाइकाला पाचचा सहा झालेला लगेच दिसतो, ग्रॅम कमी झालेले दिसत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं यांचा जीएसटी १८ वरनं ५ टक्क्यांवर आला तेव्हाचा आठवडा म्हणजे नुसता गोंधळ होता, जुन्या एमआरपीचा माल शेल्फवर, गिऱ्हाईक मोबाईलवर बातमी उघडून दाखवतंय, आणि पाच-दहाच्या पुड्याचं करायचं काय, साडेचार रुपये सुट्टे आणायचे कुठनं? शेवटी वजन वाढवून देणं हाच तिथं सोपा मार्ग, कारण गिऱ्हाईक नोट आणि नाणं बघून घेतंय, भाव बघून नाही.

तेलाचं मात्र जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त फसगत तिथं होते. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरची बेसिक आयात ड्युटी शून्यावरनं २० टक्के केली आणि रिफाइंडवरची साडेबारावरनं साडेबत्तीस. आपल्या देशात लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरनं येतं, त्यात तोंडावर दसरा-दिवाळी, त्यामुळं किलोमागं वीस-पंचवीस रुपये बघता बघता चढले, अगदी आधी भरलेल्या मालावरसुद्धा चढले, हे मी दुकानदार असूनही सांगतो. सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून ड्युटी लावली होती, आता आमच्या गिऱ्हाइकात सोयाबीन करणारेपण आहेत, त्यांची तर दोन्ही बाजूनं अडचण, सोयाबीन विकताना भाव नाही आणि तेल घेताना भाव आहे. मग २०२५ च्या मे अखेरीस कच्च्या तेलावरची ड्युटी १० टक्क्यांवर आणली, पण खाली येताना भाव चढताना आला तसा पळत येत नाही, रमतगमत येतो.

तर या काळात लोकांनी काय केलं? पहिल्यांदा नेहमीचं तेल सोडलं. सूर्यफूलवाले सोयाबीनवर आले, सोयाबीनवाले पामवर. मग पाऊच बारीक झाले. आता इथंच खरी गंमत आहे, एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण मार्केटमध्ये ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, ७५० ग्रॅम असे पाऊच आहेत, दिसायला सगळे सारखेच. समजा लिटरचा पाऊच १४० ला आणि शेजारचा ८०० ग्रॅमचा १३० ला, तर माणूस दहा रुपये वाचले म्हणून १३० वाला उचलतो. किलोचा हिशोब केला तर पहिला १५४ ला पडतो आणि दुसरा एकशे साडेबासष्टला. डब्याचं पण तेच. पंधरा किलोचा डबा वेगळा आणि पंधरा लिटरचा वेगळा, लिटरवाल्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं, जवळजवळ सव्वा-दीड किलोचा फरक. लोक विचारतात "डबा कितीला?" आणि मोबाईलवर दुसऱ्या दुकानाचा भाव दाखवून भांडतात, किलोचा का लिटरचा ते कुणीच विचारत नाही. पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापायचा नियम आहे, बारीक अक्षरात असतो पण असतो, तो बघा. आणि मोठं पाकीट घेतलं की स्वस्त पडतं हे पण सगळीकडं खरं नाही, शाम्पूच्या एक-दोन रुपयाच्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, हिशोब करून बघा एकदा.

दुसरा बदल होतो तो ताटात. आमच्याकडं भाजीत शेंगदाण्याचं कूट नसेल तर ती भाजी गळ्याखाली उतरत नाही, शेंगदाणे वाढले की आधी कूट कमी होतं, काहीजणी त्यात डाळं भरडून घालतात, रस्सा दाट दिसतो. भडंग करणारे पण शेंगदाण्याला हात आखडतात, पाकिटात शेंगदाणे शोधायला लागले की समजायचं. तूरडाळ २०२३-२४ मध्ये दीडशेच्या वर जाऊन बसली तेव्हा मसूर जवळपास निम्म्या भावात होता, तर अर्धी तूर अर्धा मसूर अशी आमटी घराघरात सुरू झाली. आपल्याकडं अख्खा मसूर आधीपासून आवडीचा आहेच, इस्लामपूर-कराडकडं तर ढाब्यावर लोक मुद्दाम खायला जातात, त्यामुळं कुणाला ते कमीपणाचं वाटलं नाही. नंतर २०२५ मध्ये तूर बरीच खाली आली, पण मसुराचा खप काय पूर्वीएवढा खाली गेला नाही. हे माझ्या बघण्यातलं महत्त्वाचं आहे, महागाईत लागलेली सवय भाव उतरल्यावर पण राहते. टोमॅटो जुलै २०२३ मध्ये दीडशेच्या पुढं गेला तेव्हा माझ्याकडं चिंच आणि आमसूल मागायला अशी माणसं आली जी आमसूल फक्त पित्त झाल्यावर न्यायची. टोमॅटो मात्र उतरल्यावर परत आला, कारण तो महिन्या-दीड महिन्यात उतरला. भाव किती दिवस वर राहतो त्यावर सगळं आहे.

शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, गोष्ट तर उलटीच झाली. भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं असं आपण म्हणत आलो, पण २०२३ मध्ये पावसानं ओढ दिली आणि जत-आटपाडीकडचा चांगला शाळू गव्हापेक्षा महाग झाला. त्यात रेशनवर गहू-तांदूळ फुकट, माणशी पाच किलो. मग काय, मजुरी करणाऱ्या घरात चपाती आणि शुगर झालेल्या साहेबांच्या घरात भाकरी. म्हाताऱ्या माणसांची फार कुरकुर झाली या काळात, चपातीनं पोट भरत नाही म्हणून.

आता कात्री कुणाच्या वाटणीला लागते हे विचाराल तर खरं सांगू का, घरातल्या बाईच्या. तिचा अंगाचा साबण, तिचं खोबरेल, सणाचे काजू-मनुके हे यादीतनं आधी उडतं. पोरांचा बिस्किटाचा पुडा उडत नाही. चहा तर उडतच नाही, फार फार तर पावडर भारीवरनं साध्या डस्टवर येते आणि दूध पातळ होतं. आणि पुरुषांचा तंबाखू-सुपारीचा मावा? त्यावर महागाईचा परिणाम झालेला मी अजून बघायचाय.

तिसरं म्हणजे दुकान बदलतात. रोख पैसे असले की मोठ्या मार्टला, महिना संपत आला की आमच्याकडं. पगार झाला की गाडी काढून तिकडं जायचं, ऑफरमधला साबण, पावडर, तेल घ्यायचं आणि वीस तारखेनंतर "अण्णा, लिहून ठेवा". मी तक्रार करत नाही, मी गिऱ्हाईक असतो तर मीपण हेच केलं असतं, पण भाव वाढले की माझा गल्ला कमी भरतो आणि वही जास्त भरते हे खरं. शेतकरी गिऱ्हाइकाची वही तर उसाच्या बिलावर, नाहीतर हळद-बेदाणा विकला की मिटते. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसात बिल यायला पाहिजे, कधी येतं ते उसवाल्यांनाच विचारा. साखरेत मात्र आमच्या भागातल्या लोकांचा एक फायदा असतो, कारखान्याची सभासद साखर सवलतीत मिळते, ती बहिणीला, मेहुण्याला, शेजारी वाटली जाते, त्यामुळं दिवाळीत सगळं विकतं पण माझी साखर म्हणावी तशी विकत नाही.

एकत्र घेणं पण वाढलंय. चार शेजारणी मिळून तेलाचा डबा फोडतात, तांदळाचं पोतं वाटून घेतात. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद लेबलच्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला तेव्हा बाजारात २६ किलोची पोती यायला लागली ती उगाच नाही. पण यातनं एक वाईट गोष्ट दिसते ती म्हणजे ज्याच्याकडं एकदम पैसे आहेत त्यालाच स्वस्त पडतं. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करणारा मार्चच्या भावात वर्षभर जेवतो, रोजच्या हजेरीवरचा माणूस दर आठवड्याला त्या आठवड्याच्या भावानं घेतो. मिरचीचं बघा, ब्याडगी २०२३ च्या सुरवातीला किलोला पाचशेच्या पुढं होती, तेव्हा बायकांनी चटणीत ब्याडगी कमी करून तिखट मिरची वाढवली, खोबरं कमी केलं, रंग गेला पण तिखट झाली. वर्षभरात ब्याडगीचा भाव असा पडला की मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या ब्याडगी गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी दंगा केला, गाड्या पेटवल्या. त्या वर्षी काहींनी दोन वर्षांची भरून ठेवली, पण त्यासाठी हातात पैसे पाहिजेत ना.

राहिला टीव्हीचा प्रश्न. सरकारी आकड्यात किरकोळ महागाई जुलै २०२३ ला ७.४४ टक्के होती आणि ऑक्टोबर २०२५ ला ०.२५ टक्के. याचा अर्थ भाव वाढायचा वेग जवळजवळ थांबला, वाढलेले भाव माघारी आले असा नाही. डाळ-भाज्या उतरल्या म्हणून आकडा खाली आला, पण त्याच महिन्यात तुमच्या घरी तेल, नारळ, पोराची फी आणि औषधं असतील तर तुम्हाला तो आकडा खोटाच वाटणार. परत घरखर्चात खाण्याचा वाटा सगळ्यांचा सारखा नसतो, सरकारी पाहणीत २०२२-२३ ला गावाकडं तो साधारण ४६ टक्के आणि शहरात ३९ टक्के निघाला होता. ज्याचा निम्मा पगार किराण्यात जातो त्याला तेलाचे वीस रुपये जेवढे लागतात तेवढे मला किंवा तुम्हाला लागत नसतील.

साठा करावा का असं पण तुम्ही विचारलंय. तेलाचा करू नका, ड्युटी कधी वर कधी खाली, आणि उन्हाळ्यात खवट होतं ते वेगळंच. तूरडाळ चालते, एरंडेल लावून ठेवा. गहू-शाळू घेणार असाल तर नवा माल आला म्हणून पहिल्याच आठवड्यात पोतं उचलू नका, ओल असते, वजनात तुम्हीच पाण्याचे पैसे देता, थोडं थांबून घ्या आणि कणगीत भरायच्या आधी दोन-तीन कडक उन्हं दाखवा.