तरंगती गोदी

प्रश्न : पुतण्या अंदमानला नौदलात आहे. जहाजं दुरुस्त करायची गोदीच तिथं पाण्यावर तरंगते म्हणतो. हे कसं? – एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : दादा, पुतण्या खरं सांगतो. मी गोदीत फिटर म्हणून उमर काढली, आता साकोलीजवळ धान लावतो. बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, म्हैस बसते ना, तशी ही गोदी. पोटातल्या टाक्यांत पाणी घेऊन खाली बसते, जहाज आत येतं, मग पंपानं पाणी उपसलं की जहाजासकट वर उठते. उघड्या पडलेल्या बुडाला कालवं चिकटलेली असतात. ती खरवडून खरवडून आमची मनगटं भरून येत.

२०१७ मध्ये चेन्नईजवळच्या कट्टुपल्लीला पाण्यात उतरवलेली आपल्या नौदलाची गोदी १८५ मीटर लांब, ८००० टनांपर्यंतचं जहाज उचलणारी.

पण माझा जीव जडला तो अमेरिकेच्या ‘ड्यूई’ या तरंगत्या गोदीवर. १९०५ च्या डिसेंबरात अमेरिकेतून निघाली, दुसऱ्या जहाजांनी ओढत सुएझ कालव्यातून नेली, १९०६ च्या जुलैत फिलिपिन्सला पोचली. १९१० मध्ये बुडाली, तरी वर काढून पुन्हा कामाला लावली. १९४२ च्या एप्रिलात जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून अमेरिकनांनी स्वतःच बुडवली. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.