मोटरहोम (आत झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन आंब्वाजला (फ्रान्स) एक रात्र थांबावं, की दिवसात चार राजवाडे करून हॉटेल गाठावं?

आंब्वाज, शनोंसो, शांबोर आणि ब्ल्वा एका दिवसात होतील का, असं तुम्ही विचारलंय. होतात. बघून मात्र एकही होत नाही. नेमका हाच बेत आमच्या साडूंनी आखला होता, म्हणून एरवी नुसता वाचणारा मी आज लिहायला बसलो.

आम्ही दोन कुटुंबं एका गाडीत होतो. आंब्वाजचा मोटरहोम तळ, म्हणजे अशा गाड्या रात्री लावायची जागा, ल्वार नदीतल्या ईल दोर बेटावर, कॅम्पिंगला लागून आहे. गाडी लावली आणि साडूंचं सुरू झालं, ‘राजवाडा इथूनच दिसतोय की, फोटो काढू आणि निघू. गाडीत झोपायला आपण काय ट्रक ड्रायव्हर आहोत?’

दिसतो, खरंय. पलीकडच्या काठावर अख्खाच्या अख्खा. पण त्याच्या मोठ्या बुरुजांच्या पोटात जिन्याऐवजी गोल फिरत चढणारा रुंद रस्ता आहे, ज्यावरून घोडे आणि गाड्या थेट वर जायच्या, ते बेटावरून कसं कळणार? १४९८ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा शार्ल इथल्याच एका बुटक्या चौकटीवर डोकं आपटून काही तासांत गेला. लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये राजा पहिल्या फ्रांस्वाच्या बोलावण्यावरून आला आणि १५१९ मध्ये इथेच, क्लो ल्युसेच्या वाड्यात वारला. राजवाड्याच्या चॅपेलमध्ये त्याची समाधी आहे, पण आतल्या अस्थी त्याच्याच, असं कुणी छातीठोक सांगत नाही. फ्रेंचांशी लढलेला अल्जेरियाचा अमीर अब्दुल कादिर १८४८ ते १८५२ इथे कैदेत होता. त्याचे जे सोबती इथे वारले त्यांच्या स्मरणशिला बागेत आहेत. मला तिथे टिळकांचं मंडाले आठवलं. एवढ्या वेळात साडू खाली कॅफेत बसून शांबोरचे किलोमीटर मोजत होते. मेहुणी, गुडघे दुखत असूनही, सगळं फिरली.

मुक्काम झालाच, कारण किल्ली माझ्याकडे होती. सकाळी नदीकाठी रविवारचा बाजार. तिथे सँत-मोर घ्याच: बकरीच्या दुधाचं लांबट चीज, वर राखेचा करडा थर, मधोमध आरपार घातलेली काडी. काडी ओढायची, चकत्या करायच्या. ‘चीजला राख?’ म्हणून नाक मुरडणाऱ्या साडूंनीच अर्ध्याहून जास्त संपवलं. टॉयलेटची टाकी रिकामी करायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना नेमका भारतातून फोन आला.

तुम्ही काय करावं? थांबा. दुपारीच पोचा, उन्हाळ्यात तळ लवकर भरतो. साध्या पार्किंगमध्ये गाडी उभी केलीत तर बाहेर खुर्च्या-टेबलं मांडू नका, फ्रान्समध्ये त्याला पार्किंग नाही, कॅम्पिंग समजतात. आडवा दांडा लावलेल्या पार्किंगच्या नादी लागू नका, छत अडकेल. जुन्या गल्ल्या पायीच करा. कारच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालते, ते भाड्याच्या कागदावर तपासून घ्या. आणि साडू सोबत असतील तर बेत त्यांच्या हाती देऊ नका.

राहता राहिलं परवडण्याचं. घरात फार लहान मूल असेल किंवा जुलै-ऑगस्टचं ऊन सोसत नसेल तर हॉटेलच बघा. दोघंच असाल तर भाडं, डिझेल, टोल आणि तळाचे पैसे धरून हॉटेल बहुतेक स्वस्तच पडेल. हे आमच्या साडूंच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका.