कोंबड्यांच्या जोडीला घरी टर्की पाळाव्यात का?

विट्याजवळ घरामागं मोकळी जागा आहे, गावरान कोंबड्या आहेतच, त्यांच्यातच अंड्या-मटणासाठी दहाबारा टर्की सोडाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. टर्की जरूर पाळा, पण कोंबड्यांत सोडू नका. आणि अंड्यांचा हिशेब धरूच नका.

टर्कीची मादी सात-आठ महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते आणि वर्षाला 60 ते 100 अंडी देते. अंडं 80-85 ग्रॅमचं, झकास. पण सुधारित जातीची कोंबडी त्याहून कमी खाऊन जास्त अंडी देते. म्हणून टर्कीचं अंडं खाण्यापेक्षा उबवलेलं बरं. त्याला 28 दिवस लागतात. खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवतात लोक, पण मी टर्कीलाच बसवा म्हणेन. ती चांगली बसते.

कोंबडी लांब ठेवायचं कारण म्हणजे ब्लॅकहेड. कोंबडीच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यातून हा रोग पसरतो. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही, टर्कीचं मात्र यकृत सडतं. गंधकासारखी पिवळी हगवण लागली की पक्षी हातचा गेला समजा. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळं कोंबड्या आज जिथं चरतात ती जागासुद्धा टर्कीला नको. दुसऱ्या बाजूला जाळी मारून घ्या.

एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. ती समोर खाद्य असून उपाशी मरतात, चोच मारायलाही शिकवावं लागतं. उकडलेलं अंडं बारीक करून द्या, पाण्यात रंगीत गोट्या टाका, असले उद्योग. शिवाय खाद्यात 28 टक्के प्रथिनं लागतात, ब्रॉयलरचं स्टार्टर, म्हणजे ब्रॉयलर पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, त्याला कमी पडतं. दीड-दोन महिन्यांची घ्या. तुमच्या भागात पोल्ट्रीवाले भरपूर, खाद्याचा भरडा करून मिळेल. मोठ्या पक्ष्यांना निम्म्या खाद्याच्या जागी लसूणघासाचा हिरवा चारा चालतो, खर्च तिथंच वाचतो.

पाच महिन्यांत नर 7-8 किलोचा, मादी 4-5 किलोची होते. चरबी कमी, त्यामुळं मटण सुक्यापेक्षा रश्शात चांगलं लागतं. एक नर म्हणजे चार घरांचे वाटे, तेव्हा घेणारे आधीच ठरवून ठेवा. आखाडात गिऱ्हाईक गावरान कोंबडीच मागतं, टर्की बघायला येतं आणि फोटो काढून जातं.

शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा. ट्रॅक्टरचा हॉर्न असो की कुकरची शिट्टी, नर प्रत्येकाला ओरडून उत्तर देतो.