भावाला दिलेले वचन आणि त्याला वाटणारी भीती

प्रिय ताई,

गौरी-गणपतीसाठी सांगलीच्या विश्रामबागेतील घरी आलेला तुमचा चोवीस वर्षांचा भाऊ रात्ररात्र जागा राहतो, खिडक्यांचे पडदे ओढून घेतो आणि समोरच्या इमारतीतून आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवत आहे असे म्हणतो. खोदून विचारल्यावर त्याने फक्त तुम्हाला सांगितले की, पुण्यात गेले आठ महिने दर शनिवारी पबमध्ये आणि नंतरच्या पार्ट्यांमध्ये तो ‘एमडी’ हा अमली पदार्थ घेत होता. आई-बाबांना हे कळू देणार नाही, असे वचनही त्याने तुमच्याकडून घेतले आहे. ते पाळावे की मोडावे, असे तुम्ही विचारता. परंतु त्याआधी त्याला याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाकडे कसे न्यायचे, हे ठरवले पाहिजे.

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबले. गेल्या दहा दिवसांत त्याने काहीही घेतलेले नाही आणि तरीही त्याची भीती गेलेली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते मेंदूतील डोपामिन आणि सेरोटोनिन ही रसायने एकाएकी वाढवते, त्यामुळे नाचताना थकवा जाणवत नाही आणि तासाभरापूर्वी भेटलेली माणसेही जिवलग वाटू लागतात. हा परिणाम दोन-तीन तासांत, पुष्कळदा त्याहूनही लवकर ओसरतो आणि लगेच पुन्हा घेण्याची तीव्र इच्छा होते. म्हणून एकाच रात्रीत ते अनेकदा घेतले जाते, त्यावर दारू होते, पोटात अन्न नसते आणि झोप तर नसतेच. पुढच्या दोन-तीन दिवसांत येणारी उदासी आणि चिडचिड पुष्कळांच्या परिचयाची असते. काहींना मात्र याच्या पुढचा त्रास होतो: संशय, भास, कोणीतरी मागावर असल्याची खात्री. बहुतेकांमध्ये सेवन थांबून नीट झोप मिळाली की तो काही दिवसांत ओसरतो. तुमच्या भावाचा दहा दिवसांनंतरही ओसरलेला नाही, म्हणून मला काळजी वाटते.

त्यातच तुमच्या मामांना तरुणपणी आवाज ऐकू येत असत आणि त्यांच्यावर मिरजेत उपचार झाले होते, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. डॉक्टरांना ते सर्वांत आधी सांगा. घराण्यात असा आजार असेल तर अशा पदार्थांमुळे तो उफाळून येण्याचा धोका वाढतो. हा केवळ नशेचा परिणाम आहे की मूळ आजाराची सुरुवात, हे काही काळ निरीक्षण केल्यावर डॉक्टरच ठरवू शकतील. दोन्हींवर उपचार आहेत, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितका गुण अधिक येतो.

‘हे सारे पुण्याच्या हवेने झाले, आपल्या सांगलीत असे नव्हते’, असे तुम्ही म्हणता. ताई, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी याच मेफेड्रोनचा मोठा साठा आपल्या कुपवाडमधून जप्त केला आणि पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे त्याचा कारखाना सापडला. म्हणून ‘नोकरी सोडून घरी राहा’ एवढ्याने हा प्रश्न सुटेल असे कृपया मानू नका, आणि लग्न लावून दिले की ताळ्यावर येईल हा नातेवाइकांचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. त्यात आणखी एका मुलीचे आयुष्य पणाला लागते.

त्याच्याशी बोलताना ‘तिथे कोणी नाही’ असा वाद घालू नका, आणि ‘हो, आहे खरे’ असेही म्हणू नका. ‘तुला झोप नाही, तू घाबरला आहेस, त्यासाठी आपण डॉक्टरांकडे जाऊ’, असे म्हणा. झोपेच्या तक्रारीसाठी तो येण्यास तयार होण्याची शक्यता अधिक आहे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकृतिशास्त्र विभाग आहे. तत्पूर्वी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून बोलता येईल. नोकरीची आणि पोलिसांची भीती त्याच्या मनात असणारच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद आहे. हे त्याला शांतपणे सांगा.

आता वचनाविषयी. तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला अपाय करण्याचे बोलू लागला, तर त्याच क्षणी आई-बाबांना उठवा, त्याला एकटे सोडू नका आणि १०८ ला फोन करा. तिथे वचन संपले. तसे नसेल, तर आधी त्याच्याच तोंडावर सांगा की हे ओझे तुम्ही एकट्या फार दिवस वाहू शकणार नाही, आणि आईला तो सांगणार की तुम्ही, हे त्याला ठरवू द्या. वडिलांच्या रागाची तुम्हाला धास्ती आहे. त्यांच्यासमोर बोलणे जड जात असेल तर ते डॉक्टरांच्या खोलीत होऊ द्या.

रविवारच्या गाडीचे त्याचे पुण्याचे तिकीट मात्र आजच रद्द करा. डॉक्टर काय म्हणाले, ते मला अवश्य कळवा.